पंधरा वर्षांचा पुरावा

गेल्या काही महिन्यांत माझ्यासारखीच कामं करणाऱ्या बायकांचे फोन येतायत. सगळ्यांचा प्रश्न एकच, "ताई, ते मानधनाचं तुम्ही कसं जमवलंत?" मानधन म्हणजे राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना दरमहा देतं ते. फोनवर सांगताना प्रत्येक वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते. ज्याला उपयोग होईल त्याने घ्यावं.

आधी "माझ्यासारखी कामं" म्हणजे काय ते सांगते. नायिकेच्या लग्नात अक्षता टाकणारी आत्या मी. हॉस्पिटलात "पेशंटचे नातेवाईक कोण?" विचारणारी सिस्टर मी. वाड्यातली भोचक शेजारीण, शाळेची मुख्याध्यापिका, खलनायिकेच्या माहेरची मावशी, सगळं करून झालंय. पंचवीसेक वर्षं मालिकांत आणि त्याआधी तितकीच वर्षं नाटकात आणि आकाशवाणीवर काढली. रस्त्यात लोक थांबवतात, "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय" म्हणतात, आणि मग बराच विचार करून "तुम्ही आमच्या बँकेत होतात का?" असं विचारतात.

राहते ठाण्यात, कोपरीत. नवरा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत होता, कंपनी बंद पडली त्याला आता जमाना झाला. नाटकाचं वेड माहेरचं. राज्य नाट्य स्पर्धेत कॉलेजात असताना उतरले, लग्नानंतर ठाण्यात आले आणि कामगार कल्याण मंडळाच्या नाटकांत शिरले. मग व्यावसायिक नाटकांत बदली कलाकार म्हणून उभी राहू लागले. गडकरी रंगायतन हे नाट्यगृह 1978 चं, म्हणजे मी ठाण्यात आले तेव्हा अगदी नवंकोरं होतं. रात्रीचा प्रयोग संपवून स्टेशनवरचा पूल ओलांडून पूर्वेला चालत घरी येत असे. 1999 मध्ये अल्फा मराठी सुरू झालं, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी आलं, आणि एकाएकी चाळिशी उलटलेल्या बायकांना काम मिळायला लागलं. मालिकेला घर लागतं आणि घराला आत्या, मावशी, काकू लागतात. त्यांपैकी कोणीतरी एक मी असायचे.

हे पोट भरण्याइतकं कधीच नव्हतं. महिन्यात चार दिवस काम, ते चार दिवस कधी ते आदल्या रात्री कळणार, पैसे नव्वद दिवसांनी, त्यातून को-ऑर्डिनेटरचं (काम मिळवून देणाऱ्याचं) कमिशन आणि 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर. साड्या आपल्या. ("ताई, दोन कॉटन, एक काठपदर आणि एक जरा श्रीमंत दिसेल अशी घेऊन या.") ट्रॅक, म्हणजे मालिकेतला आपल्या पात्राचा भाग, संपला की फोन बंद. आमच्या ठाण्यातच राहणारे नट रवी पटवर्धन रिझर्व्ह बँकेतली नोकरी सांभाळून नाटकं करायचे. त्यातला शहाणपणा मला फार उशिरा कळला, पण मला रिझर्व्ह बँक विचारायला आली नव्हती हेही खरंच.

मग आला कोविड. मे 2020 च्या अखेरीस सरकारने शूटिंगला परवानगी दिली, पण 65 वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर मनाई केली. मी तेव्हा 66 ची. ज्या मालिकेत मी आजेसासूची बहीण होते तिच्यात मला एका वाक्यात गावाला पाठवलं. "मावशी कोकणात गेल्यात" एवढंच. त्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली, पण मावशी कोकणातून परत आल्या नाहीत. पुढच्या वर्षी युनिटं गोव्याला नि सिल्व्हासाला शूटिंगला गेली, तेव्हा मोजक्या मुख्य कलाकारांनाच नेलं. तेव्हापासून वर्षाकाठी जेमतेम काही दिवसांचं काम उरलं.

योजना माहीत होती, फार पूर्वीपासून. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठीची मानधन योजना. पूर्वी तिच्यात अ, ब, क असे वर्ग होते आणि महिन्याला 3,150, 2,700 आणि 2,250 रुपये मिळायचे. मार्च 2024 मध्ये वर्ग काढून सगळ्यांना सरसकट 5,000 केले. वय 50 पूर्ण हवं, वार्षिक उत्पन्न 60,000 च्या आत हवं, आणि कलेच्या क्षेत्रात किमान 15 वर्षांचं काम हवं. एक गंमत बघा, 5,000 गुणिले 12 म्हणजेही 60,000 च होतात.

वय होतं. उत्पन्न तर त्याच्या आतच होतं, सांगायला लाज वाटली तरी. 15 वर्षंही होती, दुपटीतिपटीने होती. पण ती दाखवायची कशी?

जून 2024 मध्ये मी ट्रंक उघडली. लोकसभेची आचारसंहिता नुकतीच संपली होती आणि आता अर्ज ऑनलाइन करायचे आहेत असं नाट्य परिषदेच्या एका जुन्या कार्यकर्त्याने सांगितलं होतं. ट्रंकेत काय निघालं? राज्य नाट्य स्पर्धेचं अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र, माहेरच्या नावाचं. कामगार कल्याणची दोन प्रमाणपत्रं, सासरच्या नावाची. नाटकाच्या जाहिरातींची कात्रणं, त्यात प्रमुख पाच नावं ठळक आणि शेवटी "आणि इतर". इतरांत मी. एका मासिकातलं नाटकाचं परीक्षण, त्यात "अन्य कलाकारांची साथ समाधानकारक" असं वाक्य. मी ते वाक्य त्या काळी लाल पेनाने अधोरेखित केलं होतं.

आणि एक जाड पाकीट. त्यात आकाशवाणीची करारपत्रं. पंधरा मिनिटांच्या श्रुतिकेत तीन वाक्यं बोलले असेन, तरी त्याचा छापील करार, तारीख, वेळ, मानधन, सही, सगळं जिथल्या तिथे. दुसऱ्या बाजूला शेकड्यांनी भाग चाललेली मालिका, तिच्यात मी दीड वर्ष घरात वावरले, आणि त्याचा माझ्याकडे एक चिटोरा नाही. रोजावर काम करणाऱ्यांशी करार करायची पद्धतच नव्हती. दिवस भरला की व्हाउचरवर सही, व्हाउचर ऑफिसात.

मी त्या निर्मिती संस्थेत फोन केला. अमुक वर्षी मी तुमच्याकडे काम केलं असं पत्र द्याल का? एक मुलगा फार नम्रपणे बोलला. म्हणाला, आज्जी, तेव्हाचं अकाउंट्सचं कोणीच आता नाही, मी मेल पुढे पाठवतो. दुसरी एक संस्था तर बंदच झालेली. तिसरीने पत्र दिलं, पण त्यात पात्राच्या जागी नुसतं "कॅरेक्टर आर्टिस्ट" लिहिलं. तेही मी जोडलं. कुठलंही पत्र मिळालं तर नाही म्हणू नका.

मग माझी नात बसली शोधायला. नात म्हणजे पुतण्याची मुलगी, बारावीला आहे. ओटीटीवर आणि यूट्यूबवर जुन्या मालिका आहेत, आजी, तू दिसशीलच ना, असा तिचा हिशेब. दिसले, खूप दिसले. पण शीर्षकगीतात नावं प्रमुखांची, आणि भागाच्या शेवटी पट्टी पळते ती ओटीटीवाल्यांनी कापून टाकलेली. एका मालिकेच्या पट्टीत नाव सापडलं, आडनाव चुकीचं. मी कुलकर्णी कधीही नव्हते. तरी आम्ही भागाचा क्रमांक, मिनिट, सेकंद लिहून स्क्रीनशॉट काढत बसलो. एका भागात चहाचा ट्रे घेऊन मी आत येते, कॅमेरा नायकावर, माझा फक्त हात नि बांगड्या दिसतात. नात म्हणाली, हे नको लावूया. मी म्हटलं, हात माझाच आहे. पण नाही लावलं.

खरी मदत केली ती सेटवर कपडे सांभाळणाऱ्या ड्रेसदादांनी. त्यांच्या फोनमध्ये कंटिन्युइटीचे फोटो होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एका सीनचे दोन तुकडे वेगवेगळ्या दिवशी शूट होतात, तेव्हा साडी, ब्लाउज, मंगळसूत्र, टिकली तीच हवी म्हणून प्रत्येक कलाकाराचा समोरून एक फोटो काढून ठेवतात. त्यावर सीनचा नंबर, तारीख आणि पात्राचं नाव असतं. माझे असे चाळीसएक फोटो निघाले. भिंतीला टेकून सरळ उभी, हसू नाही, हात खाली, एकेक साडी. मला वाटलं, आयुष्यभर पोर्टफोलिओ नव्हता म्हणून रडले, तो तर दुसऱ्याच्याच फोनमध्ये जमा होत होता. तुमच्या सेटवरच्या ड्रेसदादांशी आणि असिस्टंटशी गोडीत राहा आणि फोटो काढला की लगेच व्हॉट्सॲपवर मागून घ्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. नौपाड्यात एक सीए माझं आयकराचं रिटर्न भरतात. माझं उत्पन्न करपात्र नाही, पण कापलेला टीडीएस परत मिळवायचा तर रिटर्न भरावंच लागतं. (रिटर्नचा फॉर्म म्हणजे आयटीआर. चित्रपट कलाकारांना त्यातला सोपा आयटीआर-4 भरता येतो, निम्मी मिळकत खर्च म्हणून धरतात. हिशेबाच्या वह्या ठेवायची भानगड नाही.) मी त्यांच्याकडे उत्पन्नाबद्दल विचारायला गेले होते. ते सहज म्हणाले, तुमचा 26एएस काढला का? आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनवर कोणी, कधी, किती टीडीएस भरला त्याची नोंद असते, आणि ती आर्थिक वर्ष 2008-09 पासूनची दिसते.

त्यांनी एकेक वर्ष उघडून छापलं. मी त्यांच्या टेबलापाशी बसून वाचत होते. 194जे, 194जे, 194जे, म्हणजे व्यावसायिक मानधनावरच्या टीडीएसचं कलम. कंपन्यांची नावं ओळखीची नव्हती, कारण मालिकेला आपण एका नावाने ओळखतो आणि पैसे देणारी कंपनी कागदावर दुसऱ्याच नावाची असते. तारखांवरून जुळवलं. हे तर त्या वाड्याच्या मालिकेचं. हे सिस्टरचं. ही रक्कम एवढी बारीक का? हां, तो एकच दिवस होता, पावसाने सेट बुडाला होता. जे कुठल्याच पट्टीत, जाहिरातीत, परीक्षणात आलं नाही ते सगळं आयकर खात्याने रुपया-पैशासकट लिहून ठेवलं होतं. 2020-21 चं पान जवळजवळ कोरं. सीए म्हणाले, हे घ्या तुमचं चरित्र. त्यांनी छपाईचे पैसे घेतले नाहीत.

मी प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलने मालिकेचं नाव आणि पात्र लिहिलं, मग तेच एका कागदावर तक्ता करून स्वच्छ टाइप करून घेतलं: वर्ष, मालिका, पात्र, पैसे देणारी कंपनी, पुरावा कुठल्या पानावर. हा तक्ता सगळ्यात वर लावा. तपासणाऱ्या माणसाला आपली मालिका बघायला वेळ नसतो.

जुलै दाखल्यांत गेला. आणि जुलै 2024 म्हणजे लाडकी बहीणचा महिना. सेतू केंद्रावर सकाळी सातपासून बायकांची रांग, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, सगळ्यांना तेच हवं. मला बघून एकीने सांगितलं, मावशी, 65 पर्यंतच आहे, तुमचं नाही बसणार. मी म्हटलं, माझं दुसरंच आहे. दुसरं काय, ते सांगायला मात्र जीभ उचलेना. माझा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या मुलीने चेहरा ओळखला. "अय्या, तुम्ही टीव्हीवर असता ना? मग तुम्हाला कशाला उत्पन्नाचा दाखला?" मागे पन्नास बायका. तिच्या मनात काहीच वाईट नव्हतं, पण त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, राहू दे, नको आपल्याला. त्याने काही समजूत वगैरे घातली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल पिशवीत घालून पिशवी दाराशी ठेवली होती.

दाखल्यांची सरकारी फी तेव्हा प्रत्येकी 33 रुपये 60 पैसे होती. तलाठ्याच्या अहवालासाठी स्वयंघोषणापत्र, शिधापत्रिका, वीजबिल आणि आयटीआरच्या प्रती लागल्या. आयटीआर असल्यामुळे चौकशी कमी झाली.

नावाचं प्रकरण वेगळं निस्तरावं लागलं. माझी नावं तीन: शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि जुन्या प्रमाणपत्रांवर माहेरचं, आधार आणि पॅनवर सासरचं, आणि नाटकवाल्यांनी लाडाने ठेवलेलं तिसरं, जे आकाशवाणीच्या एकदोन करारांवरही घुसलंय. कोर्ट नाक्यावर शंभराच्या स्टॅम्पवर ह्या तिन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून नोटरी केलं. टायपिंग, नोटरी धरून साडेचारशे रुपये गेले. सोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडला. बायांनो, लग्नाआधीपासून काम करत असाल तर हे सगळ्यात आधी उरका. पुरुष कलाकारांना हा ताप नाही, त्यांचा अर्ज माझ्या निम्म्या वेळात झाला असता. प्रतिज्ञापत्रात "कुलकर्णी"सुद्धा घालायचं का असं टायपिस्टने विचारलं. घातलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला नातीने अर्ज भरला. स्कॅन केलेल्या फाइली मोठ्या होतात, त्या लहान करून घ्याव्या लागतात. मोबाइलच्या ॲपने काढलेलं स्कॅन झेरॉक्सवाल्याच्या स्कॅनपेक्षा हलकं निघालं. फोटो पासपोर्ट साइझ. कलेचा प्रकार निवडताना आम्ही "नाटक" आणि "चित्रपट, मालिका" ह्यात अडकलो. शेवटी पुरावा कशाचा जास्त आहे ते बघून ठरवलं. अर्ज गेला की क्रमांक मिळतो, तो कागदावर लिहून ठेवा, मेसेजवर विसंबू नका. कागदांचा एक संच स्पायरल करून मी घरी ठेवला आणि पुढे तो लागलाच.

मग वाट. जिल्ह्याची निवड समिती अर्ज बघते. ऑक्टोबरच्या मध्यावर विधानसभेची आचारसंहिता लागली, तेव्हा डिसेंबरपर्यंत काही हलणार नाही हे उघड होतं. दिवाळीला दोन दिवसांचं काम आलं, एका जाहिरातीत फराळ वाढणारी आजी. पैसे मालिकेच्या दुप्पट आणि तेही पंधरा दिवसांत. जाहिरातवाले कसे काय देतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

जानेवारी 2025 मध्ये फोन आला, मूळ कागद घेऊन या. मी स्पायरल घेऊन गेले. समोरच्या बाईंनी तक्ता वाचला, 26एएस उलटलं आणि विचारलं, "हे काय आहे?" मी सांगितलं. त्यांनी दुसऱ्या एका साहेबांना बोलावून दाखवलं. मग आकाशवाणीचे करार बघितले. फोटोंशी त्या थोड्या थांबल्या. "ही ती शेजारीण ना? जी वाटी मागायला यायची आणि सगळं ऐकून जायची?" मी म्हटलं, होय. "माझी सासू तुम्हाला फार शिव्या द्यायची," असं म्हणून त्यांनी पुढचं पान उलटलं. पुरस्कार मिळण्याची सवय नसलेल्या माणसाला एवढं पुष्कळ झालं.

मंजुरी उन्हाळ्यात कळली. पण पैसे येईनात, कारण माझं आधार बँक खात्याला जोडलेलं होतं, तरी सरकारी पैसे थेट खात्यात यायला (त्याला डीबीटी म्हणतात) लागतं ते सीडिंग दुसऱ्याच जुन्या खात्यावर होतं. ह्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे ते सांगा" असं स्पष्ट विचारा. फॉर्म भरला, काही दिवसांत झालं. आता दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा. कलाकार गेला तर मानधन नवऱ्याला किंवा बायकोला हयातभर चालू राहतं, म्हणून जोडीदाराचे कागदही आत्ताच नीट करून ठेवा. आमच्याकडे नवऱ्याचं आधारवरचं जन्मवर्ष चुकलेलं निघालं, ते काम सध्या चालू आहे.

ज्यांची 15 वर्षं अजून भरायची आहेत त्यांनी पॅन देऊनच काम करावं. टीडीएस कापू नका, रोख द्या, असं सांगून पैसे घेणाऱ्या मुली बघते. हातात चार पैसे जास्त येतात खरे, पण नोंद राहत नाही. संघटनेचं कार्ड असेल तर त्याची प्रत ठेवा.

गेल्या महिन्यात को-ऑर्डिनेटरचा फोन आला. घोडबंदर रोडला शूटिंग, चार दिवस, नायकाच्या विहिणीची आत्या, साड्या आपल्या. मी म्हटलं, येते, पण आधी मेल करा: मालिकेचं नाव, पात्र, तारखा, दिवसाचा दर. तो हसला. "ताई, चार दिवसांच्या कामाला मेल?" मी म्हटलं, हो. संध्याकाळी मेल आला. सगळं होतं, फक्त पात्राच्या रकान्यात "आत्या" एवढंच. मी उलट लिहून आत्याचं नाव काय ते विचारलं. लेखकाने अजून ठेवलेलं नाही, असं उत्तर आलं. तोही मेल नातीने छापून फाइलला लावलाय.